खोगीरभरती पहिल्याच फेरीत गळाली

मे महिन्यात व्हायवा झाली, जुलैत मार्कशीट हातात आली, आता जरा डोकं ठिकाणावर आहे तोवर लिहून टाकते. मी गेली चौदा वर्षं मुद्रितशोधनाचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ काढत बसायचं. चाळिशीला टेकल्यावर भाषाविज्ञानात एमए करायचं खूळ डोक्यात शिरलं, आणि नवीन शैक्षणिक धोरणामुळे दुसऱ्या वर्षाला रिसर्च प्रोजेक्ट आला, तिसऱ्या सेमला ४ क्रेडिट, चौथ्याला ६. विषय घेतला तो असा की मराठी कोशातले शब्द एकमेकांचे अर्थ कसे देतात हे कॉम्प्युटर लावून बघायचं. तेव्हा कॉम्प्युटरशी माझा संबंध वर्ड आणि पेजमेकरपुरता.

विषयाचं बीज आमच्या घरातच होतं. बाबांचा एक शालेय कोश आहे, पुठ्ठा निघालेला, दोऱ्याने बांधून ठेवलेला. लहानपणी त्यात ‘हर्ष’ बघितला तर ‘आनंद’ लिहिलेलं, ‘आनंद’ बघितला तर ‘हर्ष, सुख’, आणि ‘सुख’ बघितलं तर परत ‘आनंद’. ज्याला तिन्ही शब्द माहीत नाहीत त्याने काय करायचं? बाबा म्हणाले होते, “त्याने कोश मिटून बाहेर खेळायला जायचं.”

जुलै २०२४ मध्ये टायटलचा फॉर्म भरला. तीन प्रती, गाइड मॅडमची सही, विभागप्रमुखांची सही, मग कमिटी. पहिलं टायटल परत आलं, कारण त्यात ‘मराठी कोशांचा’ असं लिहिलं होतं आणि कमिटीचं म्हणणं कोणता कोश, किती नोंदी, ते आधी सांगा. बरोबरच होतं त्यांचं. तुम्हीही सुरुवातीलाच एक पुस्तक ठरवा, एक आवृत्ती ठरवा, आणि तेच टायटलमध्ये घाला. १२ ऑगस्टला मंजुरीचं पत्र आलं.

तोवर वाचन चालू होतं. हे काही नवीन काम नाही हे कळल्यावर आधी हिरमुसले आणि मग हायसं वाटलं. टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट अॅम्सलर यांनी १९८० साली मेरियम-वेबस्टरच्या पॉकेट डिक्शनरीवर पीएचडी केली होती, कोणता शब्द कोणत्या शब्दाने समजावलाय त्याच्या साखळ्या लावून. लाँगमनने १९७८ साली एक इंग्रजी कोश काढला, त्यात सगळे अर्थ साधारण २००० ठरावीक शब्दांतच लिहायचे असा नेमच केला होता. आणि मला सगळ्यात कामाला आला तो २०१६ चा एक पेपर, माँट्रियलच्या मंडळींचा. त्यात स्टीव्हन हारनॅड आहेत, ज्यांनी १९९० साली विचारलं होतं की चिनी येत नसलेल्या माणसाला नुसता चिनी-चिनी कोश देऊन चिनी शिकता येईल का. वाचून वाटलं, अरे हे तर आपलं हर्ष-आनंद.

त्या पेपरातली पद्धत ऐकायला भयंकर आहे, करायला सोपी आहे. प्रत्येक शब्द म्हणजे एक टिंब. ‘खोगीर’ म्हणजे ‘घोड्याच्या पाठीवर घालायची बैठक’, तर घोडा, पाठ, घालणे आणि बैठक या चार टिंबांपासून खोगीर या टिंबाकडे बाण काढायचे. असे सगळ्या कोशाचे बाण काढले की मग सोलायला घ्यायचं, जो शब्द दुसऱ्या कुठल्याच शब्दाचा अर्थ सांगायला लागत नाही तो काढून टाकायचा. ‘खोगीरभरती’ कुणाच्याच व्याख्येत येत नाही, ती पहिल्याच फेरीत गळते. मग ‘खोगीर’ला कोण विचारतंय, ते फक्त खोगीरभरतीलाच लागत होतं, ते दुसऱ्या फेरीत जातं. घोडा जरा तग धरतो कारण लगाम, नाल, तबेला, शिंगरू सगळे त्याच्यावर अवलंबून, पण ते गेले की तोही जातो. मागोमाग ‘प्राणी’ही जातो, ‘जीव’ मात्र जात नाही. प्राणी म्हणजे जीव असलेला, जीव म्हणजे प्राण, आणि प्राण म्हणजे जीव. असं सोलता सोलता जे उरतं ते कोशाचं गाभ्याचं लाकूड. इंग्रजी कोशांमध्ये ते मूळ कोशाच्या साधारण १० टक्के भरतं असं त्या २०१६ च्या पेपरात आहे.

आता परवानगीचं प्रकरण. संशोधनासाठी कोश वापरायला कायद्यात सवलत आहे, पण अख्खा कोश टाइप करून फाइल बनवायची म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या, लेखी घ्या, उगाच नंतर कटकट नको. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रकाशकांना पत्र पाठवलं, दोन फोन केले, उत्तर आलं दिवाळीनंतर. परवानगी दिली पण फाइल कुणाला देणार नाही असं हमीपत्र स्टॅम्प पेपरवर मागितलं. मी १०० रुपये घेऊन गेले तर व्हेंडर हसला, कारण ऑक्टोबरातच सरकारने १०० चा बंद करून किमान ५०० चा केला होता. पत्र आधी आलं असतं तर ४०० वाचले असते. परवानगीचं पत्र टायटल मंजूर होण्याची वाट न बघता टाका, नाही मिळालं तर विषय तरी बदलता येतो.

उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्यात अर्थ नव्हता. फोनवर स्कॅन करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा प्रोग्राम, लावून बघितलं. छपाई जुनी, दोन कॉलम, आणि ओसीआरने एका कॉलमची ओळ दुसऱ्या कॉलमला चिकटवून असे काही अर्थ तयार केले की विनोदी मासिकाला द्यावेत. शेवटी ओळखीच्या डीटीपीवाल्या काकांकडे गेले. “ताई, दोन कॉलम आहेत, पानाला चाळीस पडतील.” निम्मी पानं त्यांना दिली, ४,६०० रुपये झाले, निम्मी मी स्वतः रात्री जेवणं उरकून टाइप करायला घेतली. ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी आली तेव्हा मी ‘च’ वर होते. ‘चिंधी’ की ‘चिकट’ असं काहीतरी चालू होतं. फोनवर पेढ्यांचे फोटो येत होते आणि माझी मान धरली होती.

नोव्हेंबरात तिसऱ्या सेमचा रिपोर्ट द्यायचा होता. मॅडमना इलेक्शन ड्यूटी लागली, २० तारखेला मतदान, आधी ट्रेनिंग, २३ ला मतमोजणी, आणि आमची शेवटची तारीख होती २५. मी त्यांना एका तालुक्याच्या ट्रेनिंग हॉलबाहेर गाठून सही घेतली. त्या वर्षी निवडणूक असेल तर सह्यांचं काम आधीच उरकून घ्या, एवढंच सांगते.

खरी परीक्षा डिसेंबरमध्ये सुरू झाली. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने मला दोन रविवारांत पायथन (प्रोग्राम लिहायची भाषा) लावून दिलं, शिकवलं म्हणत नाही, लावून दिलं. पहिल्यांदा प्रोग्राम चालवला तर जवळजवळ सगळा कोश गळून गेला. गाभा वगैरे काही नाही, हातात राहिले थोडेसे शब्द, त्यातला एक ‘वगैरे’. भाचा म्हणाला, “मावशी, कोड बरोबर आहे, तुझी मराठीच चुकीची आहे.” मला राग आला, पण पोरगा बरोबर होता. कोशात शब्द आहे ‘घोडा’ आणि व्याख्यांमध्ये येतं घोड्याच्या, घोड्याला, घोड्यावर. कॉम्प्युटरला ते चार वेगळे प्राणी. आपण ज्याला शाळेत सामान्यरूप म्हणून दोन मार्कांसाठी पाठ केलं ते इथे कामाचा तीन चतुर्थांश भाग होऊन बसलं. खोगीर पण खोगिराच्या, फूल पण फुलाचा, पाणी पण पाण्यात. मी चौदा वर्षं हेच तपासत आलेय, पण नियम म्हणून कधी लिहून काढायची वेळ आली नव्हती, डोळ्याला खुपलं की खूण करायची एवढंच. आता बसून लिहिलं: शेवट आ-कारान्त पुल्लिंगी असेल तर या-कार, उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, अक्षर दीर्घ असेल तर ऱ्हस्व, पण तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द असेल तर नाही, म्हणून ‘परीक्षेत’, आणि पुढे अपवादांची शेपूट. शब्दयोगी अव्ययं आपण चिकटवून लिहितो, ‘झाडाखालचा’ हा एक शब्द उकलायला तीन पायऱ्या लागतात.

आणि त्यातही एक भूत निघालं, दोन दिवस खाल्ले त्याने. ‘दुसऱ्या’ हा शब्द यादीत दोनदा येत होता. दोन्हीकडे दिसायला तंतोतंत सारखा, मी मोठा फाँट करून बघितला, प्रिंट काढून बघितली, भिंग लावलं म्हणा ना. मग मी एकेक अक्षर मोजायचा प्रोग्राम चालवला तर एका ‘दुसऱ्या’त एक अक्षर जास्त! झालं असं होतं की तो ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरसंकेतांत, दोन तऱ्हांनी टाइप करता येतो, एक तर खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त लावून, नाहीतर साध्या र ला हलन्त लावून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. काकांच्या कीबोर्डवर एक पद्धत, माझ्या कीबोर्डवर दुसरी. म्हणजे काकांचा ‘वाऱ्याने’ आणि माझा ‘वाऱ्याने’ यांची कॉम्प्युटरच्या लेखी ओळखही नव्हती. ‘अॅ’चंही तेच. चौदा वर्षं प्रुफं तपासून न दिसणारी चूक पहिल्यांदाच पकडली होती, रात्री दीड वाजता मी एकटीच हसत बसले. टाइप केलेला मजकूर हातात आला की सगळ्यात आधी हे एकसारखं करून घ्या, बाकी सगळं नंतर.

मग समरूप शब्दांचं, म्हणजे एकाच रूपात दडलेल्या दोन-तीन शब्दांचं. एका टप्प्यावर माझ्या प्रोग्रामच्या मते मराठी भाषेचा पाया होता नवरदेव. कारण ‘वर’ हा शब्द शेकडो व्याख्यांमध्ये येतो, डोक्यावर, पाठीवर, जमिनीच्या वर, आणि कोशातली पहिली नोंद होती ‘वर = नवरा मुलगा’. ‘वार’ तर विचारूच नका, सोमवारचा वार, तलवारीचा वार, कापड मोजायचा वार आणि बाळंतपणातली वार. ‘पाठ’ म्हणजे खोगीर ठेवायची, पुस्तकातली, की पाठ करायची? यावर मला कुठलंही शॉर्टकट मिळालं नाही. अॅम्सलर यांच्या प्रबंधाच्या वेळीही कोणता अर्थ ते माणसांनीच बसून ठरवलं होतं, हे वाचून धीर आला आणि मीही तेच केलं, वार१, वार२ असे आकडे लावत गेले. जानेवारी-फेब्रुवारी यातच गेले. रोज ऑफिसहून आल्यावर दीडशे व्याख्या, त्याहून जास्त केल्या की माझ्याकडून घाईत चुका व्हायच्या. एक वही ठेवली, जो निर्णय घेतला तो तारखेसकट त्यात, कारण १० जानेवारीला मी ‘माळ’बद्दल काय ठरवलं होतं ते १० फेब्रुवारीला मला आठवत नव्हतं आणि उलट ठरवून मोकळी झाले होते. ती वही पुढे व्हायवाला फार उपयोगी पडली.

अजून एक अडचण आली, ती मला आधी सुचायला हवी होती. शालेय कोश अवघड शब्दांचे अर्थ देतो. सोपे शब्द मुलांना येतात असं धरूनच चालतो. त्यामुळे ‘ठेवणे’ नाही, ‘आत’ नाही, ‘मोठा’ नाही, आणि अर्थ तर सगळे याच शब्दांत लिहिलेले. बाण जिथून निघतात ते टिंबच गायब. मग या शब्दांपुरते अर्थ दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशातून घेतले, तो १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत आला आणि १९५० ला पुरवणी, आणि शिकागो विद्यापीठाच्या साइटवर आख्खा शोधता येतो, फुकट. पण तो १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचा, त्यामुळे नांव, कांहीं, केलें, सगळीकडे अनुस्वारांचा सडा. ते पुसायला अजून एक आठवडा. सरसकट पुसू मात्र नका, मी पुसले आणि ‘अंग’चं ‘अग’ झालं.

मार्चमध्ये शेवटी परत प्रोग्राम चालवला. नेटवर्कएक्स नावाची पायथनची लायब्ररी आहे, त्यात एकमेकांत गुंतलेल्या शब्दांचे गट शोधायची सोय तयार आहे. सात महिने राबले होते, चहा टाकून यावा म्हणून उठले तर गॅसपर्यंत पोचायच्या आत उत्तर आलेलं. जरा अपमान वाटला.

उरलेला गाभा इंग्रजी कोशांच्या मानाने बराच मोठा निघाला, आणि मी घाबरून मॅडमना फोन केला की काहीतरी चुकलंय. त्या म्हणाल्या, कोश छोटा आहे आणि अर्थाच्या जागी नुसता प्रतिशब्द दिलाय, मग वर्तुळं होणारच, हेच लिही. खरंच, वर्तुळं बघताना कोशकाराची सवय दिसत होती. गाभ्याच्या मधोमध एक मोठा गुंता, त्यात वस्तू, क्रिया, स्थिती, करणे, जागा, गुण, असले हातात न धरता येणारे शब्द. कडेने छोटी छोटी बेटं, आणि तिथले शब्द जास्त ओळखीचे, जीव-प्राण, दिवस-रात्र, डावा-उजवा. डावा म्हणजे ‘उजव्याच्या उलट’, उजवा म्हणजे ‘डाव्याच्या उलट’, संपलं, बाहेर जायला वाटच नाही. त्या २०१६ च्या पेपरातही मधला गुंता अमूर्त आणि कडेची बेटं जास्त मूर्त असंच आहे, ते आपल्या मराठीत उमटलेलं बघून अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

कमीत कमी किती शब्द बाहेरून माहीत असले म्हणजे बाकी कोश कोशातूनच कळेल, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. त्याचं नेमकं उत्तर काढणं हे गणिताच्या फार अवघड प्रश्नांत मोडतं, १९७२ साली संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांनी २१ अवघड प्रश्नांची यादी दिली त्यातच हा आहे. शिवाय असा संच एकच नसतो, डावा घेतलात तर उजवा नको, उजवा घेतलात तर डावा नको, अशा हजारो निवडी. मी अंदाजी पद्धतीने एक संच काढला आणि अंदाजी म्हणूनच लिहिला.

एप्रिलमध्ये रिपोर्ट प्लॅजिअरिझम चेकला, म्हणजे मजकूर कुठून उचललाय का ते तपासायला, दिला, फी ३०० रुपये, तीन दिवसांनी आकडा आला ४३ टक्के. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत चालतं, आणि ४० च्या वर गेलं तर वर्षभर परत सबमिटच करता येत नाही. मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून नवऱ्याला फोन केला आणि रडले. मग आतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, “मागे काय जोडलंय?” मागे जोडलेलं होतं पन्नास पानी परिशिष्ट, महाराष्ट्र शब्दकोशातून घेतलेल्या व्याख्यांचं, जे अक्षरशः नेटवर आहे. अवतरणं आणि संदर्भ नियमाप्रमाणे वगळतातच. परिशिष्ट वेगळं काढून परत दिलं, ७ टक्के. फी परत ३०० लागली. कोशावर काम करणाऱ्यांनी परिशिष्टाची फाइल पहिल्यापासून वेगळी ठेवा, पायऱ्यांवर बसायची वेळ येणार नाही.

१४ मेला व्हायवा. बाहेरून आलेल्या सरांनी वही मागून घेतली, दहा मिनिटं नुसती चाळली. मग म्हणाले, “उजवा शब्द न वापरता डावा सांगा.” मी काही न बोलता डावा हात वर केला. सर माझ्या समोर बसलेले. म्हणाले, “मला तर तो उजवीकडे दिसतोय.” मी घाईत म्हटलं, “सर, हृदय असतं ती बाजू.” “बरं. तुमच्या कोशात हृदय काय दिलंय?” मला बघायचीही गरज नव्हती, ती नोंद मीच टाइप केली होती. छातीत डाव्या बाजूस असलेला अवयव. मॅडमनी तोंडावर फाइल धरली.

बाइंडिंगच्या चार प्रती, ३५० रुपयांना एक. शिवाय ऑफिसला सगळं सीडीवर हवं होतं, पेनड्राइव्ह चालत नाही, तसं फॉर्मवर छापलेलंच आहे. सीडी राइट करून देणारं दुकान शोधण्यात अर्धा दिवस गेला, शेवटी बसस्टँडमागच्या एका फोटो स्टुडिओत ८० रुपयांत काम झालं. त्या माणसाने सीडी पाकिटात घातली, मार्कर उघडला आणि विचारलं, “ताई, नावं सांगा. लग्नाचीच आहे ना?”